अठ्ठ्याण्णववरचा साप

प्रिय रत्नाताई,

‘प्रिय’ लिहिलं ते पत्राची रीत म्हणून. त्यात फार काही वाचू नका.

काल शाळेतून तुमचं सामान आलं, त्याची पोच आधी देते. दोन खोकी. एकात पुठ्ठ्याचे पट, बाटल्यांची झाकणं, फोडलेले चिंचोके, काचेचे कंचे आणि रंग उडालेल्या सोंगट्या. दुसऱ्यात तुमची शाल, डबा बिनझाकणाचा, खडूच्या अडीच पेट्या. शिपायाने ऑटोचे ऐंशी सांगितले, मी साठ दिले आणि वर चहा दिला. याशिवाय एक पट वेगळा आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तो तुमच्या वर्गातली दोन मुलं परवाच हातात घेऊन आली. त्याला भाडं पडलं नाही. पण आज पत्र लिहायला बसले आहे ती त्या पटापायी.

सोमवारी शाळेच्या हॉलमध्ये तुमच्या आठवणीचा कार्यक्रम आहे. तुमचा फोटो, फोटोला हार, आणि बाकांवर मुलांनी बनवलेले खेळ. त्यात हा पटही मांडायचा असं मुलांच्या मनात आहे. आहे सापशिडीच, पण बदललेली. अठ्ठ्याण्णवच्या घरात एक मोठा साप आहे. परवा दुपारपर्यंत तो साप मी होते. आता तुम्ही आहात.

तुमचे दादा, म्हणजे आमचे हे, म्हणतात, "माह्या बहिणीले साप करून साऱ्या शाळेपुढं मांडता काय? फाड ते!" हेडसर फोनवर म्हणाले, "घरच्यांनी हो म्हटलं तरच ठेवू, नाहीतर नाही." आणि ज्या मुलीने तो बनवला तिने पट माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "काकू, तुमीच सांगा." म्हणजे सगळ्यांनी मिळून पुन्हा मलाच फाटकावर उभं केलं! तुम्ही लावून दिलेली सवय गावालाच लागली काय हो?

आपल्या धम्मात आत्मा मानत नाहीत, ते मला ठाऊक आहे. विहारात दर पौर्णिमेला ऐकते. मग पत्र कोणाला लिहिते आहे? तुम्ही असता तर हेच विचारलं असतं, ओठ वाकडा करून. "दहावी पास बाई तत्त्वज्ञान करून राहिली!" हो, करते आहे. कागद माझा, शाई माझी. तुमचं काय जातं?

तुमचा तो शनिवारचा शेवटचा तास आठवतो. गणिताच्या बाईला खेळांशी काय करायचं आहे, असं शाळेतले मास्तर बोलत, आणि तुम्ही घरी येऊन त्यांच्या नकला करत. सहावी-सातवीच्या पोरांना नवा खेळ काढा म्हटलं की ती नुसता धिंगाणा घालतात, म्हणून तुम्ही नवं काही काढायलाच देत नसत. जो खेळ सगळ्यांना येतो तो घ्यायचा आणि त्याचा एकच नियम बदलायचा. "दोन बदलले तं कशानं बिघडलं ते समजत नाही." सापाने वर न्यायचं आणि शिडीने खाली आणायचं, तर काय होतं? लगोरी बसून खेळली तर? लुडोत मेलेली सोंगटी घरी न जाता मारणाऱ्याचीच झाली तर?

हे सगळं मला कसं ठाऊक? कारण बदललेला प्रत्येक खेळ आधी आमच्या स्वयंपाकघरात यायचा. तपासायला तुम्हाला माणूस लागायचं आणि फुकटात मी होते. "शोभाले समजलं तं दुनियेले समजन." हे तुम्ही शेजारणीसमोर म्हणालात. वर हसलात. ती बाई अजून पाण्याच्या नळावर मला ते ऐकवते, तुम्ही गेल्यावरसुद्धा. माणूस जातं, त्याचा टोमणा मागे राहून पाणी भरतो!

तपासणीचा तुमचा कायदा कडक होता. खेळ ज्याने बनवला त्याने तोंड उघडायचं नाही. समोरचा अडो, चुको, पट उलटा धरो, त्याने गप बसून पाहायचं. खेळ संपला की तीनच प्रश्न. कुठं कंटाळा आला? कुठं राग आला? परत खेळसान का? मी हाताची कणीक पुसून फासा टाकायची, आणि तुम्ही चुलीवरच्या दुधाकडे पाहावं तशा माझ्याकडे पाहत बसायच्या, कधी उतू जाते म्हणून.

एकदा मी अख्खा डाव उलट्या दिशेने खेळले. तिकडे वरण करपलं. तुम्ही हूं की चूं केलं नाही. "ताई, सांगाचं तरी!" म्हटलं, तर म्हणता, "सांगितलं असतं तं बाण कुठं काढाचा ते मले कसं समजलं असतं?" तुमचा बाण सुधारला, माझं वरण गेलं. रात्री तुमच्या दादांनी करपलेल्या वरणावरून मला बोल लावला तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. तो काही खेळ नव्हता. पण नाही! गप बसून, भात कालवत, माझ्याकडे पाहत राहिलात.

आणि तो साहिल. खो-खोचा कोणता तरी बदललेला खेळ होता, त्यात हा पोरगा पहिल्या झटक्यात बाद झाला आणि तासभर भिंतीला टेकून बसला. शेवटी रडायला लागला. तुम्ही त्याला जवळ घेतलं नाही. सगळा वर्ग थांबवलात आणि म्हणालात, "याच्याकडे बघा. हा रडतो आहे. हा तुमच्या खेळातला दोष आहे. नीट बघून घ्या."

हे तुम्ही आम्हाला जेवताना सांगत होतात, खुशीत! मी म्हटलं, "लेकराले जवळ तं घ्याचं होतं, ताई."

"जवळ घेतलं असतं तं त्याइले दिसलं नसतं."

"त्याच्या जिवाचं काय?"

"त्याचा जीव काही जात नाही, वहिनी. तू पोळी वाढ."

पुढच्या शनिवारी त्याच साहिलने नियम काढला. जो बाद होईल तो वारा होईल, आणि वाऱ्याला दुसऱ्यांना एक पाऊल ढकलता येईल. मग कोणी बसून राहायचं कामच नाही. तुम्ही तो खेळ घरी आणलात आणि माझ्या नाकासमोर नाचवलात. "पाह्यलं?" पाहिलं, ताई. खेळ चांगलाच होता, खोटं कशाला बोलू? पण रडणाऱ्या लेकराकडे सगळ्या वर्गाला पाहायला लावणारी बाई माझ्या ताटाला ताट लावून जेवते आहे, तेही पाहिलं.

मग तुमचं पोट दुखायला लागलं. तुम्ही ते किती दिवस लपवलं, देव जाणे. आपण देव मानत नाही, तेव्हा तुम्हीच जाणा. नागपूरच्या औषधांनी केस गेले, आणि शेवटी डॉक्टरांनी कागद परत देऊन घरी न्या म्हटलं. तुमचं अंग पुसलं, उलट्या काढल्या, पाठ उलथून उलथून पावडर लावली, ते सगळं मी बोलून दाखवत नाही.

दाखवते. काहून नाही दाखवायचं? दुसरं कोण होतं तिथं?

मुलं यायला लागली. शाळा सुटली की मोर्णा नदीच्या पुलावरून चालत, दप्तरासकट, जुन्या शहरातली आपली गल्ली विचारत विचारत. पहिल्या दिवशी मी फाटक उघडायला निघाले, तर तुम्ही खाटेवरून हाक मारलीत. "वहिनी! एकही पोट्टा आत येऊ द्याचा नाही."

"काय सांगू त्याइले?"

"काही बी सांग. तू वाईट दिसली तरी चालते. तुह्यावर खपते."

तुह्यावर खपते! लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझ्यावर काय काय खपलं, त्यात हे शेवटचं तुम्ही बांधून दिलंत.

मी रोज सकाळी मूर्तीपुढे मेणबत्ती लावून पाच शीलं घेते. लहानपणी मोर्शीला आईच्या पाठीमागे बसून घ्यायची, तेव्हापासून चुकलं नाही. चौथं शील खोटं न बोलण्याचं. सकाळी मी ते घ्यायची आणि संध्याकाळी फाटकावर उभी राहून मोडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घ्यायची, कोणत्या तोंडाने ते मलाच माहीत. तुमचं काय? तुम्ही आत पडून होतात. तुमचं शील शाबूत!

"काकू, फक्त पाच मिनिटं."

"बाई झोपल्या."

"आमी आवाज नाही करत. नुसतं पाहून जातो."

"डॉक्टरनं मनाई केली. घरी जा."

"काल बी झोपल्याच होत्या!"

"काल बी घरीच जा म्हटलं होतं ना? निंघा!"

ती उत्तर देणारी म्हणजे प्रांजली. सातवीतली, दोन वेण्या, हनुवटी वर करून बोलणारी. एकदा केळी घेऊन आली. मी घेतली नाहीत, कारण केळी घेतली की ती आत कशी दिली, बाईंनी खाल्ली का, काय म्हणाल्या, असं पुढचं खोटं रचावं लागलं असतं. ती केळी फाटकाच्या खिळ्याला अडकवून गेली. सकाळी गाईने ओढली.

आणि आत येऊन पाहावं तर तुम्ही टक्क जाग्या. "तो साहिल होता. खोकला गेला नाही अजून त्याचा." आणि मग, "प्रांजली आली होती?"

"आली होती. रडत गेली."

"रडू दे."

एक दिवस माझ्याने राहवलं नाही. बाहेर सातआठ जण उभे होते, ऊन उतरलेलं. मी म्हटलं, "ताई, आज मी फाटक उघडते. मले नाही होत आता." तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. म्हणालात, "उघड. उघडशीन तं आजपासून पाण्याचा थेंब घेत नाही." आणि माझ्या हातातला चमचा दातांनी अडवून धरलात. अशा माणसाशी कोणी काय करावं? मी गेले आणि पोरांवर ओरडले, आधी कधी ओरडले नव्हते इतकी. तो राग तुमचा होता. पडला त्यांच्यावर.

पुढच्या आठवड्यात तुम्ही गेलात. पुण्यानुमोदनाला सगळी मुलं आली, पांढऱ्या कपड्यांत, ओळीने. तेव्हा फाटक सताड उघडं होतं, तुमच्या फोटोसाठी. वंदना झाली. मी खीर वाढत वाढत प्रांजलीपाशी आले, तर तिने वाटी पालथी केली. माझ्याकडे पाहत पालथी केली, ताई. बाकीच्या मुलांनी ते पाहिलं आणि एकेकाने आपापली वाटी पालथी केली. साहिलने तेवढी खाल्ली, पण खाली मान घालून, चोरी केल्यासारखी.

त्या वेळी मी सांगू शकत होते. फोटोतल्या तुम्ही हसत होतात. मी खीर परत पातेल्यात ओतली.

आता परवाचं.

दुपारी ती दोघं दारात उभी. प्रांजली पट घेऊन, साहिल फासे घेऊन. "हेडसरांनं सांगितलं, आधी घरी दाखवा," ती म्हणाली, जसं काही माझ्या घरी येणं म्हणजे सुई टोचून घेणं. मी आत बोलावलं. दोघं उंबरठ्याशी अडली, एकमेकांकडे पाहिलं आणि मग आली. स्वयंपाकघरात फरशीवर पट मांडला.

सुंदर काढला आहे, ते कबूल केलं पाहिजे. शिड्यांवर बारीक अक्षरात लिहिलं आहे, ‘शनिवार’, ‘बाई हसल्या’, ‘डब्यातलं लोणचं दिलं’. लहान सापांवर ‘घटक चाचणी’, ‘पाढे’. शंभरच्या घरात तुमचा चष्मा, नुसताच चष्मा, कारण चेहरा तिला जमत नव्हता म्हणे. आणि अठ्ठ्याण्णववर एक जाडजूड साप. कपाळावर टिकली, गळ्यात काळी पोत, हिरवी साडी गुंडाळलेली. ती साडी माझी आहे. फाटकावर तीच असायची.

नियम एकच बदलला होता, तुमच्या कायद्याप्रमाणे. मोठ्या सापाच्या जागी एक माणूस बसतो. अठ्ठ्याण्णववर पोचलेल्याने त्याला विचारायचं, ‘आत येऊ का?’ सापाने नेहमी नाहीच म्हणायचं, पण कारण दर वेळी नवीन सांगायचं. मग वीस घरं मागे.

साप साहिल झाला. प्रांजली बाजूला मांडी घालून बसली, तोंड बंद, तुमच्यासारखीच माझ्याकडे पाहत.

मी पोचले. विचारलं, "आत येऊ का?"

साहिल म्हणाला, "बाई झोपल्या. घरी जा."

हुबेहूब माझा आवाज! मी नाकात बोलते, हे इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. वीस घरं मागे गेले, पुन्हा आले. "डॉक्टर आले हायेत." पुन्हा. "त्याइचं अंग पुसून राहिली." पुन्हा. "शाळा नाही का तुमाले? निंघा!" हे शेवटचं म्हणताना त्याला खोकला आला आणि तो थांबला, पण नजर काढली नाही. मी फासा टाकतच होते. चिडून, जोरात. फाशाचा एक चिंचोका गॅसच्या टाकीमागे गेला, तो मी कोपरावर रांगत काढून आणला आणि पुन्हा टाकला. या खेळात जिंकताच येत नाही काय, असं विचारलं तर प्रांजली गप्प. बरोबरच आहे. बनवणाऱ्याने बोलायचं नाही!

किती वेळ गेला कोण जाणे. तिनेच शेवटी फासे उचलले आणि पाठ केल्यासारखं विचारलं, "कुठं कंटाळा आला?"

"कुठंच नाही."

"कुठं राग आला?"

"आला. वर आले तेव्हा."

"सापाचा?" तिची हनुवटी वर.

"नाही. साप काय करन? साप तं राखणीले बसला. मले राग आला त्या शंभरवालीचा. मी एवढ्यांदा आले, एवढ्यांदा विचारलं, आत सारं ऐकू जाते, आन ती बाई एकदा बी म्हणत नाही, येऊ दे म्हणून!"

हे माझ्या तोंडून निघून गेलं, ताई. मी ठरवलं नव्हतं. तुमच्याच खेळाने काढलं.

साहिल म्हणाला, "पण बाईले मालूमच नव्हतं ना, काकू. त्याइले वाटलं असन, आमी आलोच नाही." हे बोलताना त्याचा आवाज असा झाला की माझ्या लक्षात आलं, ही गोष्ट तो पोरगा इतके महिने छातीत घेऊन हिंडतो आहे. बाई वाट पाहत गेल्या आणि आपण आलोच नाही असं समजून गेल्या.

आता सांगा. काय करायला हवं होतं मी? ‘हो बाळा, नव्हतं मालूम’ म्हणायचं होतं? म्हणजे तुमचं नाव राहिलं असतं, आणि त्याच्या छातीत ते तसंच राहिलं असतं. सकाळीच शील घेतलं होतं.

मी म्हटलं, "मालूम होतं. रोज ऐकत होत्या. तुहा खोकला ओळखत होत्या त्या आतून."

त्याचा चेहरा उघडला, ताई. दिवा लावल्यासारखा. एक क्षणभरच. कारण लगेच प्रांजली म्हणाली, "मग?"

"मग काय?"

"जाग्या होत्या तं बोलावलं काहून नाही?"

"त्याच म्हणत, येऊ देऊ नको."

"तुमी नव्हत्या म्हणत?"

"मी कोण म्हणणारी? मी तं नुसती फाटकावर होते."

"काहून? बाईनं काहून म्हटलं तसं?"

तुम्ही मला कारण दिलं नाही. ‘तुह्यावर खपते’ हे काय कारण झालं? एका लेकराला सांगण्याजोगं आहे ते?

वाटलं असतं तर मी रचलं असतं. बाईंचे केस गेले होते, पोरांनी तसं पाहू नये वाटत होतं, पोरांवर जीव होता म्हणून. गोड कारण आहे, कोणीही रडून मान्य केलं असतं. पण साप दर वेळी नवीन कारण सांगतो, आणि ती समोर बसून मोजत होती, की हे कितवं. मी म्हटलं, "मले नाही माहीत, बेटा. मले नाही सांगितलं."

ती रडली नाही. साहिल रडला. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं, जवळ घेतलं नाही. मग कंपासपेटीतून ब्लेड काढलं. शंभरच्या घरातला तुमचा चष्मा चारी बाजूंनी कापला, सापाची टिकली नखाने खरवडली आणि चष्मा त्याच्या डोळ्यांवर चिकटवला. साडी तशीच ठेवली. "साडी राहू द्या, साडी चांगली जमली," म्हणाली.

साहिल नाक पुसत म्हणाला, "मंग शंभरवर कोन?"

"कोनीच नाही. भोक आहे."

खरंच भोक आहे. आमची फरशी दिसते त्यातून.

तुमचीच शिष्या, ताई! तुम्ही वर्षाला चाळीस पोरं शिकवली, पण तुमच्यासारखी निर्दय एकच निघाली, आणि तिने पहिला हात तुमच्यावर साफ केला. दोष सापडला की लपवायचा नाही, सगळ्यांना दिसेल असा मांडायचा. हेच शिकवलंत ना? आता तुम्हाला मांडलं आहे. कसं वाटतं?

जाताना उंबरठ्यावर तिसरा प्रश्न तिला आठवला. "परत खेळसान का, काकू?" मी म्हटलं, "खेळीन." तिने मान हलवली. मी डब्यातले दोन लाडू पुढे केले. तिने घेतले, दोन्ही, आणि एक साहिलला दिला. खाल्ला की नाही ते मी पाहिलं नाही.

रात्री तुमच्या दादांनी पट पाहिला आणि आभाळ डोक्यावर घेतलं. "मेलेल्या माणसावर कोणी असं करते काय?" मी म्हटलं, "मेलेल्या माणसानं केलं, त्याचं काय?" तेव्हापासून आमच्या घरात बोलणं बंद आहे. जेवण वाढते, तेही जेवतात. तुमची शिकवण त्यांना लागली आहे, माझ्यावर खपते!

तुमच्यावर राग आहे तो असा. तुम्ही गेलात त्याचा नाही, सगळेच जातात. तुम्ही मला भांडी घासायला ठेवावं तसं खोटं बोलायला ठेवलंत, आणि पगार म्हणून कारणसुद्धा दिलं नाहीत. खाटेवर होतात तेव्हा मी रोज रात्री पाय चेपताना वाट पाहत होते, आज सांगतील. तुम्ही छताकडे पाहत राहायच्या. कधी कधी वाटतं, केस गेल्याचंच खरं असेल. कधी वाटतं, पोरं रडतील आणि आपल्यालाही रडू येईल, याला तुम्ही घाबरलात. आणि एक वाईट विचार येतो, तोही लिहूनच टाकते. तुम्ही आतून आम्हा सगळ्यांना तपासत होतात काय? गप बसून, कोण कुठे अडतं, कोण किती वेळा परत येतं, ते पाहत? तसं असेल, तर ताई, तुमच्या पोरांनी काही कमी केलं नाही. रोज आली. आणि मीही रोज उभी होते.

प्रांजलीला नुसतं ‘माहीत नाही’ देऊन मी पाठवलं, ते मला खुपतं. ते कागदाने कापल्यासारखं आहे, रक्त येत नाही आणि झोंबत राहतं. तिला कारण पाहिजे. मलाही पाहिजे. तुमच्या दादांना नको आहे, त्यांना फक्त फोटोला हार पाहिजे.

म्हणून असं ठरवलं आहे. हेडसरांना रविवारी संध्याकाळी सांगायचं आहे. तोवर पट माझ्या पेटीत, कुलपात आहे. कोणाला फाडू देणार नाही, हे वचन. तुमचं कारण आलं, मग ते कसंही असो, मला वाईट ठरवणारं असो नाहीतर तुम्हाला, तर मी प्रांजलीच्या घरी जाऊन तिला जसंच्या तसं वाचून दाखवीन, एक अक्षर गोड न करता. मग चष्मा सापावर ठेवायचा की काढायचा, ते ती पाहील. आणि नाही आलं, तर सोमवारी पट मीच उचलून नेईन आणि तुमच्या हाराच्या फोटोसमोरच्या बाकावर मांडीन. कोणी विचारलं हा साप कोण, तर तुमचं नाव सांगीन. तुमच्यासाठी मी आता कोणापुढेही खोटं बोलणार नाही.

लांबलचक लिहायची गरज नाही. अक्षर बिघडलं असेल तरी चालेल, मी लावून घेईन. लेकरांना आत का येऊ दिलं नाही, एवढी एकच ओळ उलट टपाली कळवा.

तुमची वहिनी,
शोभा